खारबंदिस्ती, पोल्डर आणि खाजन: तीन देशांची तुलना करायची तर नेमकं मोजायचं काय?

ओहोटीरेषा

नमस्कार मंडळी. भूगोलाच्या एम.ए. प्रबंधासाठी विषय ठरलाय: समुद्राची पातळी वाढत असताना किनाऱ्यावरची सखल शेतजमीन कशी टिकवली जाते, याची तीन ठिकाणची तुलना. नेदरलँड्स, बांगलादेशाचा नैर्ऋत्य भाग (खुलना-जशोर) आणि आपला रायगड. मुदत आठ महिने. परदेशांचं काम अहवाल आणि उपग्रहाच्या डेटावर होईल, पेण तालुक्यात मात्र दोन खारबंदिस्तींवर प्रत्यक्ष मोजमाप करता येईल.

सध्याचा आराखडा म्हणजे देशवार तक्ता: २१०० पर्यंतची पातळीवाढ, पाण्याखाली जाणारं क्षेत्र, बाधित लोकसंख्या, खर्च, उपाय, यश. पण आकडेच जुळत नाहीत. नेदरलँड्सचा समुद्रसपाटीखालचा भाग कुठे २६ टक्के लिहिलाय, कुठे ५५. बांगलादेशाबद्दल 'एक मीटर वाढ म्हणजे १७ टक्के देश बुडाला' हे वाक्य सगळीकडे फिरतंय. मुंबईच्या बातम्यांत '४.८ मीटरची भरती' असते आणि माझ्या नकाशात तर ४.८ मीटरला अर्धं शहर पाण्यात जातं.

प्रश्न असे:
१. तुलनेचं एकक देश ठेवावं की दुसरं काही?
२. उंचीचा कोणता डेटा घ्यावा?
३. जमिनीच्या खारटपणाचे आकडे तीन देशांत एका मापाचे कसे करायचे?
४. एखादा उपाय यशस्वी झाला हे कशावरून म्हणायचं?

गाळपेर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: देश नको. एक बांध, त्याच्या आतली जमीन, पाणी बाहेर काढायची सोय आणि ती सांभाळणारी माणसं हे एकक धरा. म्हणजे तिकडे एक पोल्डर, इकडे एक खारबंदिस्ती. देश धरला की नेदरलँड्सचा पैसा आणि बांगलादेशाची लोकसंख्या एवढंच तक्त्यात दिसतं, आणि ते प्रबंध न लिहिताही माहीत असतं.

तिन्ही ठिकाणी मुळातली भानगड एकच आहे. भरतीचं पाणी बांधाने अडवलं की त्याबरोबर येणारा गाळही अडतो. बाहेरची जमीन भरतीगणिक चढत राहते, आतली जिथल्या तिथे राहते किंवा खचते. काही दशकांत आतलं शेत बाहेरच्या चिखलापेक्षा खाली जातं. समुद्र चढण्याचा वेग यावर भर घालतो, पण सुरुवात बांधाने केलेली असते. हवामानबदलाच्या खात्यात सगळं टाकणाऱ्या प्रबंधाला तोंडी परीक्षेत इथेच धरतात.

खचण्याची कारणं मात्र तीन ठिकाणी तीन:

नेदरलँड्सच्या पश्चिम भागात पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची जमीन आहे. कुरणं कोरडी ठेवायला पाणी उपसलं की पीटला हवा लागते आणि ते हळूहळू कुजून कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. जमीन खाली गेली की पाणी पुन्हा जवळ येतं, म्हणून उपशाची पातळी आणखी उतरवायची, की जमीन आणखी खाली. वेग काही ठिकाणी वर्षाला सेंटिमीटरच्या घरात. देशातली सर्वांत सखल जागा रॉटरडॅमजवळच्या झाउडप्लास पोल्डरमध्ये, उणे ६.७६ मीटरवर आहे. २०१९ च्या डच हवामान करारात पीट-कुरणांतून होणारं उत्सर्जन २०३० पर्यंत १० लाख टनांनी कमी करायचं लक्ष्य आहे, ते याच कारणाने. म्हणजे इथे पाण्याची पातळी वर ठेवणं हा अनुकूलनाचा उपाय आहे आणि उत्सर्जन कमी करण्याचाही. असा दुहेरी फायदा तुमच्या उरलेल्या दोन ठिकाणी शोधत बसू नका.

बांगलादेशात १९६० च्या दशकापासून १३९ पोल्डर बांधले. नद्या गाळाने भरलेल्या, त्यामुळे बांधाबाहेर नदीचं पात्रच वर आलं, उघाड्या (बांधातली पाणी बाहेर सोडायची झडपेची दारं) चिखलात रुतल्या आणि आतलं पावसाचं पाणी अडकलं. खुलना जिल्ह्यातल्या पोल्डर ३२ चा अभ्यास जरूर वाचा: शेजारच्या सुंदरबनाच्या तुलनेत आतली जमीन १ ते १.५ मीटर खाली गेलेली. २००९ मध्ये आयला वादळात तिथले बांध फुटले, गावं जवळपास दोन वर्षं भरती-ओहोटीत राहिली, आणि तेवढ्यात शेतांवर काही दशकांचा गाळ एकदम बसला. माणसांच्या दृष्टीने आपत्ती, जमिनीच्या दृष्टीने भरपाई. तुलनात्मक अभ्यासाला याहून बोलकं उदाहरण मिळणार नाही.

कोकणात नद्या आखूड, सह्याद्रीवरून उतरून पन्नास-शंभर किलोमीटरांत खाडीला मिळणाऱ्या. गाळ येतो, पण गंगा-ब्रह्मपुत्रेसारखा नाही. तेव्हा 'बांगलादेशात बांध कापून गाळ आत घेतात, आपणही घेऊ' हे इथे गृहीत धरता येत नाही. आधी खाडीच्या पाण्याचा नमुना उधाणाच्या भरतीला घ्या, एक लिटर गाळून वाळवून वजन करा. लिटरमागे किती ग्रॅम निघतात त्यावर पुढची चर्चा.

आता उघाडीबद्दल थोडं सविस्तर, कारण पातळीवाढीचा परिणाम सगळ्यांत आधी इथे दिसतो. बांधावरून पाणी उलटण्याच्या कितीतरी आधी. उघाडीची झडप ओहोटीला उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते. म्हणजे बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ निचरा. भरती-ओहोटीचं एक चक्र १२ तास २५ मिनिटांचं. ते साध्या साइन-लहरीसारखं मानून हिशोब करा:

निचऱ्याचा वेळ = १२.४२ × [०.५ + आर्कसाइन(फ ÷ आ) ÷ π]

'फ' म्हणजे आतलं पाणी सरासरी समुद्रपातळीच्या किती वर आहे, 'आ' म्हणजे भरती-ओहोटीतल्या फरकाचा निम्मा. कोन रेडियनमध्ये.

समजा आतलं पाणी ०.५ मीटर वर आहे आणि फरक ३ मीटर (आ = १.५). निचरा चक्रामागे सुमारे ७ तास ३० मिनिटं. समुद्र ०.३ मीटर चढला की फ = ०.२, वेळ उरतो ६ तास ४५ मिनिटं. पाऊण तास गेला. आता हाच हिशोब जिथे भरती-ओहोटीत फरक फक्त १.६ मीटर आहे (आ = ०.८) तिथे करा: ८ तास ५० मिनिटांवरून ७ तास १५ मिनिटं. दीड तासाहून जास्त वेळ गेला. म्हणजे पातळीवाढ तीच, पण ज्या खाडीत भरती लहान तिथे निचऱ्याचा फटका दुप्पट. शिवाय आत-बाहेरच्या पातळ्यांतला फरकही घटतो, त्यामुळे उरलेल्या वेळात पाणी सावकाश जातं. नेदरलँड्सने हा प्रश्न पवनचक्क्यांपासून आजच्या पंपांपर्यंत उपसा करून सोडवलाय, म्हणून तिथे 'निचऱ्याचा वेळ' या रकान्याच्या जागी 'उपशाची वीज' येईल. रकाना वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे.

पेणमध्ये उघाडी बघताना झडपेच्या फळ्या कुजल्यात का, बिजागऱ्या गंजल्यात का, प्लास्टिक अडकून झडप अर्धी उघडी राहते का, हे आधी बघा. दोन बोटांची फट राहिली तरी प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येतं आणि मग खारटपणाचं खापर समुद्रपातळीवर फुटतं.

शून्यपातळी

गाळपेर यांच्याशी सहमत. उंचीबद्दल लिहितो, कारण असे निम्मे प्रबंध इथेच बुडतात.

आधी तुमच्या तीन कोड्यांची उत्तरं.

५५ टक्के हा आकडा 'पुराचा धोका असलेल्या' क्षेत्राचा. त्यातलं समुद्रसपाटीखालचं २६ टक्के, उरलेलं २९ टक्के नद्यांच्या पुराच्या टप्प्यातलं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००७ च्या अहवालात ही दोन्ही एकत्र होऊन '५५ टक्के समुद्रसपाटीखाली' असं छापलं गेलं. आकडा मुळात डच संस्थेकडूनच चुकीच्या शब्दांत गेला होता आणि २०१० मध्ये दुरुस्ती झाली. जुने लेख अजून तेच उतरवतात. २६ लिहा.

१७ टक्के बुडण्याचा आकडा म्हणजे बांध नाहीत, गाळ येत नाही, जमीन हलत नाही असं धरून केलेला हिशोब. पोल्डरांच्या प्रदेशात तिन्ही गृहीतकं खोटी.

४.८ मीटरची भरती मोजली जाते ती नौकानयनाच्या नकाशाच्या शून्यापासून. ते शून्य सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास असतं. मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती सरासरी पातळीच्या साधारण २.३ मीटर वर. नकाशात २.३ टाका, अर्धं शहर कोरडं होईल.

तीन देशांची तीन शून्यं आहेत. डचांचं 'एनएपी', बांगलादेशाचं 'पीडब्ल्यूडी' (सरासरी समुद्रपातळीच्या जवळपास अर्धा मीटर खाली), आपलं भारतीय सर्वेक्षण विभागाचं. उपग्रहाचा उंचीनकाशा चौथ्याच, जिऑइडच्या (गुरुत्वाकर्षणावरून ठरवलेल्या कल्पित समुद्रपातळीच्या) शून्यावर. तक्ता भरायच्या आधी सगळं स्थानिक सरासरी समुद्रपातळीवर आणा आणि प्रत्येक आकड्यापुढे मूळ शून्य कोणतं होतं ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

उंचीनकाशे:

नेदरलँड्ससाठी 'एएचएन'. विमानातून लेसरने मोजलेला, अर्ध्या मीटरची जाळी, उंचीतली चूक सेंटिमीटरांत, फुकट उतरवता येतो. इथे प्रश्नच नाही.

बांगलादेश आणि रायगडसाठी एसआरटीएम वापरू नका. ते २००० सालचं रडार आहे. झाडाचा शेंडा आणि घराचं छप्पर यांनाच जमीन समजतं. किनारी भागात सरासरी दोनेक मीटर जास्त उंची दाखवतं. ३० सेंटिमीटरच्या वाढीचा अभ्यास दोन मीटर चुकणाऱ्या पट्टीने होत नाही. २०१९ मध्ये ही चूक दुरुस्त केलेला किनारी उंचीनकाशा आला तेव्हा जगभरातल्या धोक्यातल्या लोकसंख्येचे अंदाज तिप्पट झाले. समुद्र होता तिथेच, फक्त पट्टी बदलली. झाडं आणि इमारती वजा केलेला 'फॅबडेम' संशोधनासाठी मोफत मिळतो, तो घ्या. पण त्यातही मीटर-अर्ध्या मीटरची चूक धरून चाला.

आणि ३० मीटरच्या चौकटीत ३ मीटर रुंदीचा बांध दिसतच नाही. संगणकाला बांध नाहीच असं वाटतं आणि तो पाणी सरळ आत सोडतो. उपाय असा:

१. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायची मोफत संगणकप्रणाली) उपग्रहचित्रावरून बाहेरकाठ्याची, म्हणजे खाडीकडच्या मुख्य बांधाची, रेघ हाताने काढा. उघाड्या आणि खांडी (बांध फुटून पडलेली भगदाडं) वेगळ्या बिंदूंनी दाखवा.
२. जवळच्या सर्वेक्षण विभागाच्या पातळी-खुणेपासून ऑटो लेव्हलने, किंवा आरटीके जीपीएस (सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणारं) भाड्याने मिळालं तर त्याने, बांधाच्या माथ्याची उंची दर २५ मीटरला घ्या. सरासरी नको, सगळ्यांत खालचा बिंदू महत्त्वाचा. पाणी तिथूनच उलटतं.
३. शेतात किमान ३० बिंदू घ्या आणि ते फॅबडेमशी ताडून चूक किती येते ते काढा. हा एक आकडा प्रबंधात असला की परीक्षक अर्धे प्रश्न विचारतच नाहीत.
४. बांधाची उंची त्या रेघेवरच्या चौकटींत भरा आणि मगच पाणी चढवा. पाणी समुद्राशी जोडलेल्या चौकटींतूनच शिरेल अशी अट घाला, नाहीतर डोंगराआडचा खळगाही बुडालेला दिसतो.

पातळीवाढीसाठी आयपीसीसीच्या सहाव्या अहवालावर बेतलेलं नासाचं साधन आहे, त्यात भरतीमापक केंद्रनिहाय आकडे मिळतात. जागतिक सरासरीचे आकडे (१९९५–२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंत): मध्यम उत्सर्जनात ०.४४ ते ०.७६ मीटर, अतिउच्च उत्सर्जनात ०.६३ ते १.०१. एकच आकडा घेऊ नका, दोन्ही टोकं लावा. मुंबईच्या अपोलो बंदराची भरतीची नोंद १८७८ पासून आहे, आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी. मात्र मधली रिकामी वर्षं बघितल्याशिवाय त्यावर सरळ रेघ ओढू नका.

एक सापळा: त्या साधनातल्या केंद्रनिहाय आकड्यांत जमिनीची हालचाल आधीच धरलेली असते. त्यात खचण्याचा आकडा पुन्हा मिळवला तर दुहेरी मोजणी. पण भरतीमापक खडकावर आणि तुमचं शेत खाडीच्या गाळावर, म्हणून गाळाचं स्वतःचं बसणं वेगळं दाखवावंच लागेल. ते समुद्राच्या आकड्यात न मिसळता जमिनीच्या उंचीतून वजा करा.

आडवाटा

वाचनखूण साठवली. शून्यपातळी, आरटीके नसेल तर मोबाइलच्या जीपीएसने उंची घेतली तर चालेल का?

शून्यपातळी

नाही. मोबाइलची उंची पाच-दहा मीटर सहज चुकते. त्यापेक्षा पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतात तशी लेव्हल काढा. २० मीटर नळीत सेंटिमीटरभर चुकेल, पण नळीत बुडबुडा राहिला तर सगळं वाया. लांब अंतरावर चूक साठत जाते, म्हणून निघालेल्या खुणेवर परत येऊन फरक बघायचा.

मानसकाठ

ओहोटीरेषा, तुमच्या यादीत गोव्याची खाजन शेती नाही, ती घ्या असं सुचवेन. सुमारे १८,००० हेक्टर. परदेशांच्या मानाने पेणपासून जवळ आणि व्यवस्थापनाची रीत पूर्ण वेगळी. बांध, आतला 'पोय' (पाणी साठायचा आणि खेळायचा चर) आणि 'मानस', म्हणजे तुमची उघाडी. पूर्वी गावकरी, नंतर कोमुनिदाद (गावाची सामुदायिक जमीन-संस्था) बांध राखायची. १९६० च्या दशकातल्या कूळकायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीवर जाळं लावून मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हावी ही अपेक्षा. घोळ इथेच आहे. जास्त मासळी हवी तर जास्त खारं पाणी आत घ्यावं लागतं, आणि भात पिकवणाऱ्याला तेच नको असतं. बागदा कोळंबीसाठी बांगलादेशात पोल्डरात खारं पाणी घेतात, तो तंटा अगदी याच जातीचा. दोन्हीकडे शेत खारं झालं त्याला समुद्र जबाबदार की मानशीची चावी ज्याच्या हातात तो, हे वेगळं काढता आलं तर तुमचा प्रबंध खरा.

आता तिसरा प्रश्न. खारटपणा मोजायची पद्धत जुळली नाही तर आकडे शेजारी मांडूच नका.

आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी ढवळून विद्युतवाहकता मोजतात (मीठ जास्त तेवढी ती जास्त). आंतरराष्ट्रीय तक्ते आणि पिकांच्या सहनशक्तीचे आकडे असतात संपृक्त लगद्याच्या, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीच्या, अर्काचे. पातळ केलेल्या पाण्यातला आकडा त्याहून कितीतरी लहान येतो, आणि किती लहान ते मातीच्या पोतावर ठरतं. खाडीच्या चिकणमातीला वाळूचा गुणक लावला की गणित बिघडतं. म्हणून दहा नमुन्यांवर दोन्ही पद्धती करून आपल्या मातीचा गुणक स्वतः काढायचा आणि उरलेल्यांना तो लावायचा.

हातातलं मीटर रोज सकाळी १.४१३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. तापमानाची दुरुस्ती आपोआप होत नसेल तर अंशामागे सुमारे दोन टक्के फरक पडतो. मे महिन्यात उन्हात ठेवलेलं द्रावण ४० अंशांवर असतं हे लक्षात ठेवा.

नमुने ०–१५ आणि १५–३० सेंटिमीटर खोलीचे, बांधापासून १० मीटरवर, मध्यावर आणि दूरच्या कडेला. फक्त वरचा थर घेतला तर उन्हाळ्यात वर आलेलं मीठ तेवढं मोजलं जातं.

कधी घ्यायचे याला सर्वांत जास्त महत्त्व. मेच्या शेवटी खारटपणा शिगेला असतो; जुलैअखेर पावसाने धुऊन निघालेला. एका देशाचा मे आणि दुसऱ्याचा ऑक्टोबर शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष निरर्थक. बांगलादेशाच्या मृदा संस्थेचे आकडे (खारी जमीन १९७३ मध्ये ८.३३ लाख हेक्टर, २००० मध्ये १०.२० लाख, २००९ मध्ये १०.५६ लाख) वापराल तेव्हा नमुने कोणत्या महिन्यांतले हे आधी बघा. आणि वाढीचा मोठा भाग पहिल्या २७ वर्षांतला आहे, जेव्हा कोळंबी फोफावली आणि कोरड्या ऋतूत वरून येणारं गोडं पाणी घटलं. समुद्रपातळी हे एक कारण, एकमेव नव्हे.

भाताची सहनशक्ती: अर्काची वाहकता ३ पर्यंत उत्पन्न टिकतं, पुढे दर एककामागे सुमारे १२ टक्के घट. वाहकता ६ असेल तर तिसरा हिस्सा गेला. हे साध्या भाताचं. खाऱ्या जमिनीचे वाण तुलनेला घेताना ऋतू बघा: पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे खरिपाचे, पावसात मीठ धुतलं जात असताना वाढणारे. बांगलादेशाचा ब्री धान ४७ बोरो हंगामाचा, म्हणजे कोरड्या दिवसांत उभा. यांची उत्पन्नं शेजारी मांडून 'त्यांचा वाण सरस' म्हणणं चूक.

गोव्याच्या खाजनात आणि केरळच्या कुट्टनाडात आणखी एक गोष्ट: माती आम्लधर्मी गंधकाची. फार वाळली की गंधकाचं आम्ल होतं आणि सामू (पीएच) घसरतो. पीक पिवळं पडलं तर मीठच असेल असं धरू नका, सामू पण मोजा.

धरणवेडा

चांगली चर्चा, पण नेदरलँड्सला एवढं हातचं राखून का? त्यांचं तंत्र आणलं तर प्रश्न सुटतो. रॉटरडॅमच्या जलमार्गावरचा वादळ-अडथळा, मास्लांटकेरिंग, त्याचे दोन दरवाजे २१० मीटर लांबीचे, वादळात आपोआप मिटतात. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडांवर असेच दरवाजे का नकोत?

गाळपेर

मास्लांटकेरिंग ज्या जलमार्गावर आहे त्यामागे रॉटरडॅमचं बंदर आणि दहा-पंधरा लाख लोकवस्ती आहे. दरवाजा समुद्राचं पाणी ३ मीटर चढण्याचा अंदाज आला तरच मिटतो. १९९७ पासून चाचण्या वगळता तो क्वचितच मिटला आहे. पावसाळी खाडीत वादळ आणि नदीचा पूर एकाच दिवशी येतात. दरवाजा लावला तर मागून येणारं पाणी कुठे जाणार? कुट्टनाडात तण्णीरमुक्कमचा बंधारा खारं पाणी अडवायला घातला. खारं पाणी अडलं, पण मागे पाणवनस्पती माजल्या, प्रदूषण साठलं आणि मासळी घटली. तो अनुभव डचांपेक्षा आपल्याला जवळचा आहे.

आणि डच स्वतः आता सगळीकडे भिंत उंच करत नाहीत. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर (दुसऱ्यात अडीच लाख लोक हलवावे लागले) त्यांनी 'नदीला जागा' हा सुमारे २.३ अब्ज युरोंचा कार्यक्रम केला. बांध मागे सरकवले, नायमेखनजवळ वाल नदीला जोडपात्र खणलं, ओव्हरडीप पोल्डरात शेतकऱ्यांनीच सुचवल्याप्रमाणे घरं आणि गोठे उंच टेकाडांवर नेऊन बाकीची जमीन पुराला मोकळी ठेवली. समुद्राकडे २०११ मध्ये हेगजवळ २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी टाकली आणि ती पसरवायचं काम लाटांवर सोडलं. दरवाजा नाही, वाळूचा ढीग.

त्यांच्याकडून आणण्याजोगी गोष्ट काँक्रीट नव्हे. 'वाटरस्खाप' ही पाणी-मंडळं, आज २१ उरलीत, तेराव्या शतकापासून चालत आलेली. त्यांची निवडणूक वेगळी होते आणि कर ती स्वतः गोळा करतात. म्हणजे बांधाचा पैसा शाळा-रस्त्यांशी भांडत नाही. आपल्याकडे १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम आहे, पण बांधाचा पैसा दरवर्षी वरून येतो. त्यामुळे जानेवारीत पडलेली खांड पावसाआधी बुजेलच असं नाही. मधल्या काळात आत तिवरं उगवतात. मग ते कायद्याने संरक्षित. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे हात लावणं आणखी अवघड. शेतकऱ्याची सातबाऱ्यावरची जमीन आणि तिवरांचं जंगल एकाच जागी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तुमच्या तक्त्यात 'खांड पडल्यापासून बुजेपर्यंतचे दिवस' हा रकाना घाला. तिन्ही ठिकाणांत सर्वांत जास्त सांगणारा आकडा तोच ठरेल असं माझं मत.

तिवरखुंट

चौथ्या प्रश्नाबद्दल. यश कशाचं मोजताय ते आधी ठरवा, कारण बांगलादेश एका मापाने जगात पहिला आणि दुसऱ्या मापाने नापास होतो.

मृत्यू मोजा: १९७० च्या भोला वादळात किमान तीन लाख, १९९१ मध्ये सुमारे १ लाख ४० हजार, २००७ च्या सिडरमध्ये साडेतीन हजारांच्या आत, २०२० च्या अम्फानमध्ये तीन आकडीही नाहीत, तेव्हा वीस लाखांहून जास्त लोक आधीच निवाऱ्यात नेले होते. यामागे १९७२ पासूनचा चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम आणि त्याचे ७०,००० हून अधिक स्वयंसेवक, आता त्यांत निम्म्या स्त्रिया. मेगाफोन, झेंडे, सायकल. पण वादळांची ताकद, वेळ आणि जागा वेगवेगळी होती, म्हणून हा सरळ आलेख 'घट' म्हणून छापताना प्रत्येक वादळापुढे लाटेची उंची आणि ती भरतीला आली की ओहोटीला हेही लिहा.

शेती मोजली तर चित्र उलटं. आयला ताकदीने लहान होतं, पण भरतीच्या वेळी आलं. सिडरच्या मानाने माणसं फार कमी गेली, शेती मात्र दोन वर्षं.

डचांचं माप तिसरंच. २०१७ पासून त्यांचा कायदा सांगतो की बांधामागे राहणाऱ्या कुणाचीही पुरात मरण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकपेक्षा जास्त नसावी, आणि हे २०५० पर्यंत गाठायचं. आपल्याकडे असं लेखी उद्दिष्टच नाही. यश-अपयश मोजायला मुळात ठरवलेलं काहीतरी लागतं. त्यामुळे 'भारत नापास' असा रकाना भरू नका, 'उद्दिष्ट ठरवलेलं नाही' असं लिहा.

गाळ आत घेण्याच्या बांगलादेशी पद्धतीचं यशही असंच दुहेरी. १९९७ मध्ये भायना बिलाचा (बिल म्हणजे सखल पाणथळ भाग) बांध लोकांनीच कापला. चार वर्षांत शेजारची नदी खोल झाली, बिल भरलं. पण गाळ कापाच्या तोंडाशी दीड-दोन मीटर बसला आणि दूरच्या टोकाला जेमतेम वीतभर. ज्याचं शेत तोंडाशी त्याचं भलं, टोकाचा तसाच पाण्यात. पुढे सरकारने हीच पद्धत उचलली, तेव्हा नुकसानभरपाईच्या कागदपत्रांत लहान शेतकरी अडकले आणि २०१२ मध्ये कपालिया बिलात लोकांनी ती होऊच दिली नाही. शोधताना बंगालीत 'जोआराधार' हा शब्द वापरा, स्थानिक वर्तमानपत्रांत तंट्यांची माहिती त्या शब्दाखाली सापडते. इंग्रजी अहवालांत फक्त नदीची खोली असते.

ओहोटीरेषा

सर्वांचे आभार. एकक बदलते, खाजनही घेते. पेणच्या दोन योजना कशा निवडाव्यात, आणि मोजमापाच्या तारखा?

मानसकाठ

ताई, दोन्ही एकाच खाडीवरच्या निवडा, एक धड बांधाची आणि एक खांड पडलेली. म्हणजे समुद्र, पाऊस, माती सारखी. फरक फक्त बांधाचा. वेगवेगळ्या खाड्यांवरच्या निवडल्यात तर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही.

मातीचे नमुने मेचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचा शेवट, त्याच बिंदूंवर. बिंदूला बांबूची खूण नको, गुरं उपटतात, अक्षांश-रेखांश आणि दोन ठळक झाडांपासूनचं अंतर लिहा. उघाडीचा निचरा मोजायला दोन दिवस: एक उधाणाचा, एक भांगाचा (भरती सर्वांत लहान असते तेव्हाचा). उधाणाची सर्वांत मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते, तेव्हा पंचांगातली तारीख तशीच घेऊ नका. आत आणि बाहेर रंगवलेली एकेक पट्टी रोवा, दर १५ मिनिटांनी दोन्ही वाचा, सलग १३ तास. दोन माणसं लागतील. बाहेरची पट्टी ओहोटीला चिखलात कोरडी राहिली तर ती खाडीच्या पात्रात पुढे सरकवावी लागते, म्हणून जागा आधीच्या दिवशी ओहोटीला बघून ठेवा.